औषधातले घातक घटक कसे शोधले जातात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषधात नको ते येतं तरी कुठून?

बहुतेक वेळा कच्च्या मालातून. औषधाचा मूळ घटक तपासून घेतला जातो, पण सिरप पातळ ठेवणारं ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल किंवा सॉर्बिटॉल अशा 'साध्या' द्रव्यांकडे तितकं लक्ष जात नाही. दुसरी वाट रासायनिक प्रक्रियेची. मूळ घटक तयार होताना सोबत भलतंच काही तयार होतं. तिसरी कारखान्यातली: आधीच्या औषधाचा अंश यंत्रात राहतो, पाण्यात जंतू वाढतात, काचेचे किंवा रबराचे कण कुपीत उतरतात. काही औषधं साठवणुकीत स्वतःच विघटित होतात. आणि स्वस्तातला माल महागाचा म्हणून खपवणारी माणसं असतातच.

या प्रत्येक वाटेवर शोध घेण्याची पद्धत निराळी आहे, म्हणूनच पुढचा प्रश्न नेहमी येतो.

औषध घातलं की आत काय काय आहे ते सगळं सांगणारं एखादं यंत्र नाही का?

नाही. या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. चाचणीला जे विचारलं जातं तेवढ्याचंच उत्तर ती देते. 'नमुना उत्तीर्ण' याचा अर्थ 'ठरवून दिलेल्या चाचण्यांमध्ये उत्तीर्ण' इतकाच. यादीत नसलेलं विष त्यात असेल, तर अहवाल त्याविषयी गप्प राहतो.

हेपरिनचं प्रकरण यासाठी समजून घ्यायला हवं. रक्त गोठू नये म्हणून दिलं जाणारं हे औषध डुकरांच्या आतड्यांपासून काढतात. २००७च्या अखेरीस आणि २००८च्या सुरुवातीला अमेरिकेत डायलिसिसच्या रुग्णांना हे इंजेक्शन दिल्यावर रक्तदाब अचानक कोसळू लागला, श्वास लागू लागला, काही जण दगावले. औषध नियमानुसार तपासलेलं होतं. त्या काळची मुख्य चाचणी पाहायची ती एवढंच, की हे द्रव्य रक्त गोठणं किती थोपवतं. त्यात मिसळलेलं ओव्हरसल्फेटेड कॉन्ड्रॉइटिन सल्फेटही तेच काम थोडंफार करत होतं, त्यामुळे चाचणीत ते हेपरिन म्हणूनच मोजलं गेलं. शेवटी एनएमआर (रेणूची रचना दाखवणारं तंत्र) आणि कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस (विजेच्या ओढीने द्रव्यं वेगळी करणारं तंत्र) यांनी ते वेगळं दिसलं. एनएमआरच्या आलेखात हेपरिनच्या ठरावीक शिखराशेजारी एक जास्तीचं शिखर होतं. त्यानंतर फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या कसोट्या नोंदवणाऱ्या अधिकृत ग्रंथात, हेपरिनच्या चाचण्या बदलाव्या लागल्या.

त्याच वर्षी चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळल्याचं उघड झालं, तिथेही हेच तत्त्व होतं. प्रथिनं नायट्रोजनवरून मोजली जात होती आणि मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर असतो. भेसळ करणारा चाचणीचा अभ्यास करूनच भेसळ करतो, हे गृहीत धरूनच चाचण्या आखायला हव्यात असं मला ठामपणे वाटतं.

खोकल्याच्या सिरपमुळे मुलं दगावल्याच्या बातम्या येतात. त्यात नेमकं काय असतं?

डायइथिलीन ग्लायकॉल किंवा इथिलीन ग्लायकॉल. ही औद्योगिक द्रव्यं. ब्रेक ऑइल, गाडीचं कूलंट, रंग यांत वापरली जातात. दिसायला ग्लिसरीनसारखीच: रंगहीन, दाट, चवीला गोडसर. किमतीत मात्र स्वस्त.

शरीरात गेल्यावर डायइथिलीन ग्लायकॉलपासून डायग्लायकॉलिक आम्ल तयार होतं आणि ते मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिका जाळतं. इथिलीन ग्लायकॉलपासून ऑक्झॅलेट बनतं, त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. आधी उलट्या, पोटदुखी. मग लघवी कमी होत होत बंद. त्यानंतर ग्लानी आणि झटके. लहान मुलांचं वजन कमी, त्यामुळे तेवढ्याच चमचाभर सिरपचा घात मोठा.

ही गोष्ट नवी नाही, आणि संताप येतो तो याचाच. १९३७ साली अमेरिकेत 'एलिक्सिर सल्फानिलामाइड' या औषधात विद्रावक म्हणून डायइथिलीन ग्लायकॉल वापरलं आणि शंभरहून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी तिथे औषध बाजारात आणण्याआधी ते सुरक्षित असल्याचं दाखवणं कायद्याने सक्तीचं झालं. तरीही १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले. १९९५-९६ मध्ये हैती, २००६ मध्ये पनामा, २०२२ मध्ये गांबिया, इंडोनेशिया आणि उझबेकिस्तान. इंडोनेशियात दोनशेहून अधिक मुलं गेली. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात मुलं दगावली, तेव्हा तपासलेल्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉलचं प्रमाण ४८.६ टक्के निघालं. मान्य मर्यादा आहे ०.१ टक्का.

हे द्रव्य प्रयोगशाळेत कसं पकडतात?

गॅस क्रोमॅटोग्राफीने. नमुना विरघळवून त्याचा सुईच्या टोकाएवढा थेंब तापलेल्या यंत्रात सोडतात. तिथे त्याची वाफ होते आणि वायूच्या प्रवाहाबरोबर केसासारख्या बारीक, कित्येक मीटर लांब नळीतून ती पुढे सरकते. नळीच्या आतल्या लेपाला प्रत्येक द्रव्य वेगवेगळं चिकटतं, म्हणून बाहेर पडण्याची वेळ प्रत्येकाची वेगळी. इथिलीन ग्लायकॉल लवकर निघतं, डायइथिलीन ग्लायकॉल बरंच मागून, ग्लिसरीन त्याच्याही नंतर. टोकाला एक छोटी ज्योत असते. द्रव्य त्या ज्योतीत जळलं की विद्युत संकेत मिळतो आणि पडद्यावर शिखर उमटतं. शुद्ध संदर्भ द्रव्याचं शिखर ज्या मिनिटाला येतं, त्याच मिनिटाला नमुन्याचंही शिखर आलं, तर ते द्रव्य नमुन्यात आहे असं धरतात. शिखराच्या क्षेत्रफळावरून प्रमाण काढतात.

जिथे हे यंत्र नाही तिथे थिन लेयर क्रोमॅटोग्राफी चालते. सिलिकाचा लेप दिलेल्या पट्टीवर नमुन्याचा आणि संदर्भ द्रव्याचा एकेक ठिपका लावायचा, पट्टीचं टोक विद्रावकात बुडवायचं, तो वर चढू द्यायचा, मग पट्टी वाळवून तिच्यावर रंग देणारं रसायन मारायचं. ठिपके शेजारीशेजारी एकाच उंचीवर दिसले की कच्च्या मालाचा तो ड्रम बाजूला काढायचा आणि पक्क्या मोजणीला पाठवायचा. खर्च किरकोळ, वीजही फारशी लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही तोंडी घ्यायच्या द्रव औषधांसाठी आधी ही प्राथमिक छाननी आणि मग गॅस क्रोमॅटोग्राफी अशी दोन पायऱ्यांची पद्धत सुचवली आहे.

चाचणी इतकी साधी आहे तर मग हे पुन्हापुन्हा का घडतं?

कारण ती केलीच जात नाही. ड्रमसोबत 'सर्टिफिकेट ऑफ अॅनालिसिस' येतं, त्यावर शुद्धता ९९ टक्क्यांच्या वर लिहिलेली असते आणि तो कागद पाहून माल आत घेतला जातो. पनामाच्या प्रकरणात माल चीनमधून निघून स्पेनमार्गे गेला. वाटेतल्या व्यापाऱ्यांनी प्रमाणपत्रं आपापल्या नावाने पुढे सरकवली आणि मूळ उत्पादक कोण हे कागदावरून पुसलं गेलं. ड्रम कुणीच उघडून तपासला नाही.

दुसरं कारण नमुना घेण्यात आहे. आलेल्या ड्रमांच्या संख्येचं वर्गमूळ काढून त्यात एक मिळवायचा आणि तेवढेच ड्रम उघडायचे, ही रूढ पद्धत. शंभर ड्रम असतील तर अकरा. सगळा माल एकाच घाण्यातला असेल तर हे चालून जातं, पण मधलेच चार ड्रम बदललेले असतील तर ते सहज निसटतात. ग्लिसरीन आणि त्याच्या जातकुळीतल्या द्रव्यांसाठी म्हणूनच प्रत्येक ड्रम तपासावा, असं नियामक सांगतात. माझ्या मते यात सवलतीला जागाच नसावी.

नायट्रोसमीन हा शब्द अचानक कुठून आला?

जुलै २०१८मध्ये. वलसार्टन या रक्तदाबाच्या औषधात एनडीएमए नावाचं नायट्रोसमीन सापडलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत कर्करोग घडवणारं म्हणून ते आधीपासून माहीत होतं, पण रक्तदाबाच्या गोळीत ते असेल असं कुणी धरलं नव्हतं.

ते तिथे आलं कसं, हे पाहण्यासारखं आहे. उत्पादनाची पद्धत बदलली होती. नव्या पद्धतीत डायमिथाइल फॉर्मामाइड हा विद्रावक वापरला जाई आणि प्रक्रियेतून उरलेलं अॅझाइड हे रसायन नष्ट करायला सोडियम नायट्राइट घालत. विद्रावकाचा काही अंश तुटून डायमिथाइल अमाइन झालं, नायट्राइटपासून नायट्रस आम्ल झालं आणि दोघं मिळून एनडीएमए. दोन्ही रसायनं आपापल्या कामापुरती योग्यच होती, घात झाला त्यांच्या गाठीभेटीत. नेहमीची शुद्धता चाचणी टक्क्याच्या शतांशापर्यंत पाहते, आणि इथला प्रश्न त्याहून शेकडो पटींनी खालच्या पातळीचा होता.

एनडीएमएची मर्यादा दिवसाला ९६ नॅनोग्रॅम आहे. ३२० मिलिग्रॅम वलसार्टन घेणाऱ्यासाठी याचा हिशेब होतो दहा लाखांत ०.३ भाग. एवढं बारीक मोजायला मास स्पेक्ट्रोमेट्री लागते. ती रेणूंचं वजन करून त्यांना ओळखते.

चाचणी स्वतः चुकू शकते का?

हो, आणि दोन्ही बाजूंनी चुकू शकते.

सप्टेंबर २०१९मध्ये रॅनिटिडीन या आम्लपित्ताच्या औषधात एनडीएमएचे प्रचंड आकडे जाहीर झाले. ती चाचणी गॅस क्रोमॅटोग्राफीवर होती, म्हणजे नमुना चांगलाच तापवला जात होता. रॅनिटिडीनचा रेणूच असा, की तापवला की त्यातून एनडीएमए सुटतं. त्यामुळे मोजलेल्यातलं बरंचसं एनडीएमए यंत्रानेच तयार केलेलं होतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मग नमुना न तापवणारी, द्रव क्रोमॅटोग्राफीवर आधारलेली पद्धत वापरायला सांगितलं. नव्या पद्धतीने आकडे खूप खाली आले, पण शून्य झाले नाहीत. गोळ्या जितक्या जुन्या आणि जितक्या उबेत ठेवलेल्या, तितकं एनडीएमए वाढत जातं हेही त्यातूनच कळलं. एप्रिल २०२०मध्ये एफडीएने हे औषध बाजारातून काढायला लावलं. पहिला आकडा चुकीचा होता आणि धोका तरीही खरा होता; दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधात वेगळीच गफलत झाली. त्यात काही नमुन्यांत एनडीएमए म्हणून मोजलेलं द्रव्य प्रत्यक्षात डायमिथाइल फॉर्मामाइड होतं. त्यातल्या जड समस्थानिकांच्या (म्हणजे किंचित जास्त वजनाचे अणू असलेल्या) रेणूंचं वजन एनडीएमएच्या इतकं जवळ जातं, की कमी क्षमतेच्या मास स्पेक्ट्रोमीटरला फरक कळत नाही. म्हणून 'सापडलं' अशी बातमी वाचली की पहिला प्रश्न हवा: कोणत्या पद्धतीने?

जड धातू कसे मोजतात?

आयसीपी-एमएस या यंत्राने. नमुना आम्लात विरघळवून हजारो अंश तापमानाच्या प्लाझ्मात, म्हणजे विद्युतभारित वायूत, फवारतात, सगळं अणूंपर्यंत सुटं होतं आणि प्रत्येक मूलद्रव्य वेगळं मोजलं जातं. आधी सल्फाइड घालून उमटलेला रंग डोळ्यांनी ताडून पाहायचे. ती पद्धत अमेरिकी फार्माकोपियातून १ जानेवारी २०१८पासून गेली. तोंडाने घ्यायच्या औषधासाठी दिवसाची मर्यादा शिसे ५ मायक्रोग्रॅम, कॅडमियम ५, आर्सेनिक १५, पारा ३०.

इंजेक्शन निर्जंतुक आहे हे कसं ठरवतात?

दोन वेगळ्या गोष्टी पाहाव्या लागतात आणि लोक त्या एकच समजतात. जिवंत जंतू आहेत का, ही एक. मेलेल्या जंतूंचे अवशेष आहेत का, ही दुसरी.

पहिलीसाठी कुपीतलं औषध पोषक द्रवात घालून १४ दिवस ठेवतात आणि द्रव गढूळ होतो का ते पाहतात. चौदा दिवस, कारण काही जंतू आणि बुरशी फार सावकाश वाढतात. मोठ्या बॅचमधून साधारण २० कुप्या तपासल्या जातात. इथे थोडं गणित करून पाहा. बॅचमधल्या शंभरातली एक कुपी दूषित असेल, तर निवडलेल्या वीसच्या वीस कुप्या स्वच्छ निघण्याची शक्यता ८२ टक्के येते. म्हणजे इतकी वाईट बॅचही पाचांत चार वेळा उत्तीर्ण होईल! निर्जंतुकतेची खरी हमी म्हणूनच कारखान्यातल्या हवेत, गाळण्यांत, ऑटोक्लेव्हच्या (दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्राच्या) नोंदींत आणि काम करणाऱ्यांच्या शिस्तीत असते. शेवटची चाचणी फक्त ढोबळ चूक पकडते. २०१२ साली अमेरिकेत कण्याजवळ द्यायच्या स्टिरॉइड इंजेक्शनमध्ये बुरशी गेली आणि साठहून अधिक रुग्ण दगावले, ते अशाच शिस्तीच्या अभावाने.

दुसरी गोष्ट एंडोटॉक्सिनची. काही जीवाणूंच्या भिंतीतलं हे द्रव्य जंतू मेल्यावरही उरतं आणि रक्तात गेलं तर थंडी वाजून ताप येतो, रक्तदाब पडतो. ऑटोक्लेव्हमध्येही ते टिकतं. काचेवरून ते घालवायला २५० अंशांची कोरडी उष्णता अर्धा तास द्यावी लागते. ते शोधायला हॉर्सशू क्रॅब या सागरी जीवाच्या निळ्या रक्तातून काढलेला अर्क वापरतात. छोट्या नळीत अर्क आणि नमुना समप्रमाणात घ्यायचा, ३७ अंशांवर तासभर अजिबात न हलवता ठेवायचा आणि मग नळी एका झटक्याविना, सावकाश पूर्ण उलटी करायची. आतला गोळा जागेवर घट्ट राहिला तर एंडोटॉक्सिन आहे. ओघळला तर ठरलेल्या पातळीच्या खाली आहे. नळी घाईने उलटली तर कच्चा गोळा तुटतो आणि दूषित नमुना निर्दोष ठरतो, म्हणून या एका हालचालीवर नव्या विश्लेषकांची तालीम घेतात. आता याच कामासाठी प्रयोगशाळेत बनवलेलं रीकॉम्बिनंट फॅक्टर सी हे प्रथिन मिळतं. त्यासाठी कुठल्या प्राण्याचं रक्त लागत नाही, आणि त्याचा वापर वाढावा असं मला मनापासून वाटतं.

गोळ्या आणि सिरप निर्जंतुक असतात का?

नसतात, तशी गरजही नाही. पाणी असलेल्या तोंडी औषधात एका मिलिलिटरमागे जीवाणूंची संख्या शंभरापर्यंत चालते, पण ई. कोलाय अजिबात नको.

विष थोडंही का चालवून घ्यायचं? मर्यादा शून्य का नाही?

कारण शून्य मोजता येत नाही. यंत्र जितकं बारीक, तितकं प्रत्येक गोष्टीत काही ना काही सापडतं. मर्यादा ठरवताना पाहतात ते असं: माणसाने हे औषध रोज, दीर्घकाळ घेतलं तर या अंशामुळे आजाराची शक्यता किती वाढते? जनुकांना इजा करू शकणाऱ्या, पण स्वतंत्र माहिती नसलेल्या अशुद्धीसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात दिवसाला १.५ मायक्रोग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा आहे. आयुष्यभर रोज घेतलं तर लाखात एकाला जादा कर्करोग, या हिशेबावर ती बेतलेली आहे.

कधी तोल दुसऱ्या बाजूला झुकवावा लागतो. २०२०मध्ये क्षयरोगाच्या रिफॅम्पिसिनमध्ये नायट्रोसमीन सापडलं, तेव्हा एफडीएने तात्पुरती मर्यादा सैल केली. औषध थांबलं असतं तर क्षयाने होणारं नुकसान त्याहून मोठं होतं. हा निर्णय मला पटतो. मात्र अशी सवलत जाहीरपणे, कारण सांगून आणि मुदत घालूनच द्यायला हवी.

घरच्या घरी तपासता येईल का?

नाही. ग्लायकॉलला वेगळा वास नाही, रंग नाही आणि चव गोड आहे; एनडीएमए तर कशानेच कळणार नाही. सिरप गढूळ झालं, तळाशी न हलणारा गाळ बसला, गोळ्यांवर डाग पडले, इंजेक्शनच्या कुपीत कण तरंगताना दिसले, झाकणाचं सील तुटलेलं निघालं, तर ते औषध वापरू नका. पण स्वच्छ दिसतं म्हणून ते चांगलंच आहे असं समजू नका. औषध चाखून किंवा जाळून पाहण्याचे सल्ले फिरत असतात, ते धोक्याचे आहेत.

'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या औषधांचं काय?

त्यांत शिसं, पारा, आर्सेनिक सापडल्याची आणि सांधेदुखीच्या पुड्यांत न सांगता स्टिरॉइड घातल्याची उदाहरणं वेगवेगळ्या देशांत नोंदली गेली आहेत. एखादी पुडी दोन दिवसांत जादू करत असेल, तर आनंदाआधी शंका यायला हवी. अशा नमुन्यांत काय शोधायचं हेच आधी माहीत नसतं, त्यामुळे प्रयोगशाळेला मास स्पेक्ट्रोमेट्रीने शेकडो द्रव्यांच्या यादीशी ताडून पाहावं लागतं.

मी घेतो त्या औषधाची बॅच परत मागवली आहे. लगेच बंद करू?

आधी डॉक्टर किंवा फार्मासिस्टशी बोला. वलसार्टनच्या वेळी एफडीएचा अंदाज असा होता: सर्वाधिक मात्रा चार वर्षं रोज, दूषित गोळ्यांमधूनच घेतली, तर ८,००० जणांत आयुष्यभरात कर्करोगाचा एक जादा रुग्ण. दुसरीकडे रक्तदाबाचं औषध अचानक सोडलं तर पक्षाघाताचा धोका काही दिवसांवर असतो. पर्यायी गोळी हातात येईपर्यंत चालू ठेवा, असंच तेव्हा सांगितलं गेलं. मुलांच्या सिरपमध्ये ग्लायकॉल सापडल्याची सूचना असेल तर मात्र एक चमचाही देऊ नका.

औषध दिल्यावर मुलाची लघवी कमी झाली. काय करावं?

औषध थांबवून तत्काळ रुग्णालय गाठा आणि बाटली सोबत न्या. उलट्या किंवा गुंगी असेल तर एक तासही थांबू नका. ग्लायकॉलच्या विषबाधेत वेळेवर डायलिसिस मिळालं तर मूल वाचू शकतं.

बाटली रिकामी असली तरी धुऊ नका, फेकू नका. झाकण घट्ट लावून खोकं, लेबल आणि बिलासह ठेवा. लेबलचा फोटो काढा, त्यात बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि उत्पादकाचं नाव स्पष्ट दिसू द्या. किती वेळा, किती मात्रा दिली ते लिहून ठेवा आणि डॉक्टरांमार्फत औषध नियामकाकडे नोंद करा. उरलेलं द्रव दुसऱ्या भांड्यात ओतू नका. प्रयोगशाळेला ते मूळ बाटलीतच लागतं, आणि तळाला उरलेले काही थेंबही तपासणीला पुरतात.